वन्संनी काढलेला नकाशा

बिबवेवाडी, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

वन्सं, नमस्कार.

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच बाजूला टाकाल, म्हणून वरचा पत्ता अपेक्षाकडून लिहून घेतला. अपेक्षा म्हणजे आमची सून. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. फोनही करून पाहिला होता. अभिनव म्हणतो, आत्यानं आपल्या सगळ्यांचे नंबर अडवलेत. पत्र अडवायची सोय अजून निघालेली नाही, तेवढंच आमचं नशीब.

सासूबाई गेल्या तेव्हा तुमच्या बंधूंनी तुमची वाट पाहिली नाही. तुम्ही बडोद्याहून पोचलात तेव्हा घरात फक्त पणती होती. त्यावरून तुम्ही दोघांनी जे बोलणं टाकलंत, ते अजून उचललेलं नाही. त्या भांडणात मी तेव्हा पडले नाही, आत्ताही पडत नाही. हे पत्र समेटासाठी नाही. मला एक माहिती हवी आहे आणि ती फक्त तुमच्यापाशी आहे.

तुमचे बंधू घरातून निघून जातात.

विसरण्याचा आजार आहे. सुरुवात मार्केट यार्डातून झाली. जन्मभर ज्या गुळाच्या गाळ्यावर काम केलं, तिथे निवृत्त झाल्यावरही रोज चहाला जायचे. एक दिवस तिथून घरी यायचा रस्ताच सापडेना. मग यार्ड गेलं, बिबवेवाडी गेली, आमच्या सोसायटीचा जिना गेला. आता स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे कोचाच्या कडेला बसतात आणि 'निघतो आता' म्हणतात. आणि खरंच निघतात. बसमध्ये बरोबर चढतात, शनिपाराशी बरोबर उतरतात. जे आता कुठेच नाही त्या शनिवार पेठेत त्यांना सगळं येतं. जे समोर आहे, त्यात काही येत नाही.

अभिनवनं त्यांच्या खिशात एक यंत्र घातलंय. फोनवर ठिपका दिसतो. ठिपका ते कुठे आहेत तेवढं सांगतो, कुठे निघालेत ते सांगत नाही. आणि तिथल्या गर्दीत मी पोचेपर्यंत ठिपका पुढे सरकलेला असतो. परवा तर दिवसभर ठिपका एका जागी शांत होता, म्हणून मीही शांत होते. सदरा दोरीवर वाळत होता.

कुठे जाताय विचारलं की म्हणतात, "रंगरावांच्या वखारीवरून पुढे." पुण्याच्या माणसांची ही एक खोडच आहे म्हणा. पाडलेल्या थिएटरावरून आणि बंद पडलेल्या गिरणीवरून पत्ता सांगायचा आणि समोरचा गोंधळला की 'बाहेरचे वाटतं' म्हणायचं. मी परतवाड्याची, बाहेरचीच. लग्न होऊन आले तेव्हा ती वखारही नव्हती आणि तुम्हीही बडोद्याला होतात. शेजारपाजारचं जुनं माणूस एक उरलेलं नाही.

वखार कुठे होती? तिच्या पुढे काय होतं? लहानपणी तुम्ही दोघं कुठे-कुठे जात होता ते सगळं लिहून पाठवा. अभिनव म्हणतो बाहेरून कुलूप लावू. पायात बळ असलेल्या माणसाला कोंडायचं माझ्याच्यानं होत नाही. तुमची माहिती मिळाली तर ते फिरतील आणि मी मागोमाग पोचेन. एवढंच मागते.

तुमची भावजय,
यमुना


२६ नोव्हेंबर

वन्सं,

नकाशा मिळाला. पाकिटात चिठ्ठी नाही, 'बापू कसा आहे' नाही, नुसता दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर नकाशा. तुम्ही दोघं सख्खी भावंडं आहात यात मला कधी शंका नव्हतीच.

पण नकाशा काय सुरेख काढलात! एक लांब रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना खुणा. गिरणी, सोड्याची बाटली फोडणारा, बंब दुरुस्त करणारा, वखार, शाळेचं फाटक. आणि बंबवाल्याशेजारच्या बोळावर फुली मारून लिहिलंत, 'बापू यातून जाणार नाही. इथे एक बाई मुलं पोत्यात घालते असं मी त्याला सांगितलं होतं. खरं तर मला तिथल्या कुत्र्याची भीती वाटायची आणि धाकट्या भावापुढे ती कबूल करायची नव्हती.' हे वाचून मी हसले. या घरात हल्ली हसण्याचा आवाज झाला की भांड्यांनासुद्धा नवल वाटत असेल.

शुक्रवारी ते निघाले. मी लगेच मागे निघाले, तरी बस चुकलीच. रिक्षानं गेले. बंबवाल्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. बोळ मात्र अजून आहे, आणि चार पावलांत वखारीपाशी नेतो. मी बोळापाशी उभी राहून पाहिलं, तर हे पलीकडून भला मोठा वळसा घालून चालले होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस तुमच्या कुत्र्याला वळसा घालत होता वन्सं! मी बोळातून गेले आणि त्यांच्या आधी वखारीच्या जागेवर पोचले.

तिथे आता बँकेचं एटीएम आहे. हे आले, पायरीवर उभे राहिले आणि वाट पाहू लागले. कसली ते मला कळेना. मग कळलं, लाकडं वजन होण्याची. रखवालदारानं खुर्ची दिली. थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच समाधान झालं. मी म्हटलं, "चला." तर माझ्याकडे न बघताच माझ्याबरोबर चालू लागले. बसमध्ये खिडकीपाशी बसून आले. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या.

तुमचा नकाशा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला आहे. कुलपाचा विषय अभिनवनं पुढे ढकलला. तुमचे उपकार मानते, आणि हे तोंडदेखलं नाही.

यमुना


१७ डिसेंबर

वन्सं,

रागात लिहिते आहे, नंतर लिहीन म्हटलं तर राग जाईल आणि मला तो घालवायचा नाही.

तुमच्या नकाशात स्वच्छ लिहिलंय, 'वखारीच्या डाव्या हाताला शाळा.' काल हे वखारीशी थांबले नाहीत. म्हणून मी डावीकडे वळले. तिथे एक पापडवाली, एक क्लास आणि एक कपडे वाळत घातलेला चौक, एवढंच होतं. मी दुपारभर त्या गल्लीत येरझाऱ्या घातल्या. खिशातलं यंत्र घरीच पडलं होतं. तुमच्यावर विश्वास ठेवून उभी राहिले. आणि तुमचे बंधू वखारीच्या उजवीकडे, भर उन्हात, एका नव्या इमारतीच्या पार्किंगच्या तोंडाशी तेवढाच वेळ उभे होते. शाळा उजवीकडे होती वन्सं. पायजमा ओला झालेला, ओठ सुकलेले. येणारी-जाणारी माणसं गाड्या काढण्यासाठी त्यांना 'सरका हो आजोबा' म्हणत होती आणि ते सरकून पुन्हा तिथेच येत होते.

पुढचं ऐका. मी त्यांच्या दंडाला धरलं. म्हटलं, "चला घरी." त्यांनी हात काढून घेतला.

"तुम्ही कोण?"

"मी यमुना."

"मी नाही येणार. मी ताईबरोबर जाणारे."

मी पुन्हा हात धरला, तर ओरडायला लागले. "ही बाई मला नेतीये! ही बाई मला नेतीये!" अहो, पाच फूट आठ इंचांचा माणूस, आवाज लहान मुलाचा. लोक जमले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातला वरद म्हणून मुलगा आहे, त्यानं लोकांना सांगायचा प्रयत्न केला. दोघांनी मोबाइल काढून शूटिंग चालवलं. एक बाई मला म्हणाल्या, "आपण यांच्या खरंच मिसेस आहात का? पुरावा आहे काही?" लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पुरावा मागायची वेळ आत्ता आली. पर्समध्ये तुमच्या नकाशाखेरीज काही नव्हतं. शेवटी पोलीस बाई आल्या आणि चौघांनी उचलून त्यांना रिक्षात घातलं. रस्ताभर माझ्या मनगटाला चावले. खूण अजून आहे.

मला तुमच्यावर रागवायचं होतं, आणि आता लिहिताना सगळं पहिल्यापासून बघितलं तर तुमची चूकही दिसते आहे. तुम्ही नकाशा शाळेकडून घराकडे काढलात. परतीचा. म्हणून तुमचं डावं ते माझं उजवं. जायची वाट सांगा म्हटलं तर कुणीही जायचीच सांगेल. तुम्ही परतीची का सांगितलीत?

यमुना


९ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमचं पत्र आलं. पहिलंच खरं पत्र. दोनदा वाचलं आणि मग गॅस बंद करून पुन्हा वाचलं.

तुम्ही लिहिता, जाताना तो पुढे पळायचा आणि तुम्ही मैत्रिणींशी बोलत मागे असायचात. त्याचे वर्ग लवकर सुटत, तुमचे उशिरा. तो फाटकाशी थांबायचा आणि मग तुमचा हात धरून यायचा. म्हणून तुम्हाला ती वाट आठवते ती परतीचीच, त्याचा हात हातात असलेली. आणि आणखी लिहिता, 'मी त्याला बजावलं होतं, कुणीही आलं, अगदी ओळखीचं सांगत आलं तरी मी येईपर्यंत हलायचं नाही. अनोळखी बाईबरोबर तर मुळीच जायचं नाही.'

म्हणजे त्यांना जायची वाट पाठ आहे. परतीची ते कधी शिकलेच नाहीत. परतीचं काम तुमचं होतं. ते अजून तुमचं आज्ञाधारकपणे ऐकत आहेत, आणि त्या आज्ञेत मी अनोळखी बाई आहे. यात कुणाला बोल लावायचा सांगा. मला माणूस सापडेना म्हणून मी चिडले होते. आता कळलं की सापडूनही उपयोग नाही.

डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, रस्ते लक्षात ठेवणं आणि बाकीचं लक्षात ठेवणं डोक्यात एकाच मोहल्ल्यात राहतं, एक पडलं की दुसऱ्याच्या भिंतीला तडा जातोच. मला ते लगेच पटलं. कारण तुमचे बंधू विचारच असा करायचे. लेल्यांच्या धाकटीचं नाव काय म्हणून विचारलं की डोळे मिटायचे. मनातल्या मनात लेल्यांच्या गल्लीत शिरायचे, चौक ओलांडायचे, दारापाशी थांबायचे आणि मग म्हणायचे, "उत्कर्षा." यार्डातही तसंच. भाव विचारला की आधी गाळा, मग गाळ्यातली ढेपांची थप्पी, मग आकडा. प्रत्येक माणूस आणि प्रत्येक गोष्ट त्यांनी कुठल्यातरी रस्त्यावर ठेवलेली होती. रस्ता गेला की तिथली माणसं जातात. अभिनव गेला तेव्हा मी एकटीच रडले. बिबवेवाडी गेली त्याच महिन्यात गेला तो. बापाच्या समोर बसून 'बाबा, मी अभिनव' म्हणत होता आणि हे त्याला विचारत होते, "आपण कुठल्या पेठेतले?"

मग मी एक वेडेपणा केला. म्हटलं, मला कुठे ठेवलंय ते बघू. एक दिवस चांगले होते, चहा घेत होते. मी विचारलं, "परतवाडा माहीत आहे का?" वरात तिथून निघाली होती, एसटी बंद पडली होती, हे स्वतः ढकलायला उतरले होते. त्यांनी कप खाली ठेवून मनापासून विचार केला. म्हणाले, "तिकडे आम्ही कधी गेलो नाही."

त्यांच्या डोक्यात जे गाव उरलंय ते सगळं तुमच्या दिनदर्शिकेच्या पानावर मावतं. त्यात मी नाही. असूच शकत नाही, मी तेव्हा परतवाड्यात झबलं घालून फिरत होते. मला तुमचा हेवा वाटतो वन्सं. तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, फोन अडवता, आणि ते रोज तुमची वाट बघतात. मी रोज पायजमे धुते.

आता खरी विनंती. तुमचे गुडघे चालत नाहीत हे लिहिलंत, ते मान्य. येऊ नका. पण पुढच्या वेळी ते फाटकाशी उभे असतील तेव्हा मी वरदच्या दुकानातून फोन लावीन. तेवढा एक नंबर अडवू नका. त्यांना एवढंच सांगा, "बापू, मी ताई. या बाईंबरोबर घरी जा." मग ते येतील. एकदा आले की दर वेळी येतील, आणि कुलूप लावावं लागणार नाही. अभिनवनं कुलूप आणून ठेवलंय. किल्ली माझ्यापाशी दिली आहे, लावलेलं नाही.

भांडण तुमचं तुम्ही ठेवा. मी त्याला हात लावत नाही. फक्त एक वाक्य मागते.

यमुना


२१ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. 'तिकीट काढलं आहे, पुतण्याबरोबर येते.' ते वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग रात्रभर विचार करून हे लिहायला बसले.

त्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात ते बरं केलंत. पण तुम्हाला सगळं ऐकू आलं नसेल, तिथे गाड्यांचा फार आवाज होता. म्हणून काय झालं ते सांगते.

ते फाटकाच्या जागी उभे होते. मी त्यांच्या पाठीमागे, त्यांना दिसणार नाही अशी उभी होते, मला पाहिलं की घाबरतात म्हणून. वरदनं फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या कानाला दिला. तुम्ही म्हणालात, "बापू, मी ताई बोलतीये. चल, घरी जा." आवाज छान होता तुमचा. मला वाटलं झालं, सुटलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "आजी, तुमचा नंबर चुकलाय. आमची ताई सातवीत आहे." आणि फोन वरदच्या हातात देऊन म्हणाले, "कोणीतरी म्हाताऱ्या बाई आहेत. रडतायत. तुम्ही बघा."

एवढ्या वर्षांनी तुम्ही बोललात आणि त्यांच्या कानावर ते पोचलंच नाही. मी त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत, त्या दिवशी मनात दिल्या.

त्या दिवशी पुन्हा पोलीस बाई आल्या, पुन्हा उचललं. रिक्षात घालताना ते पडले. डोक्याला लागलं, हात मोडला. मी पर्समधून किल्ली काढली आणि घरी आल्यावर बाहेरून कुलूप लावलं. अभिनवनं लावलं नाही वन्सं, मी लावलं. पोरानं बापाला कोंडलं असं व्हायला नको होतं. आता भाजीला जाताना मी लावून जाते, घरात असले की आतून लावते. पहिले काही दिवस दार ठोकायचे. प्लास्टर घातलेल्या हातानं ठोकायचे. खालच्या बाईंनी वर येऊन विचारलं, काय काम चालू आहे का? हल्ली ठोकत नाहीत. चालणं बंद झाल्यापासून डोक्यातला तो नकाशाही पुसट होत चाललाय. गिरणी गेली. सोडावाला गेला. सोमवारी मी सहज वखारीचं नाव काढलं, तर म्हणाले, "कसली वखार?" कोंडू नये म्हणून मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं होतं. कोंडल्यावर काय होईल ते मला तेव्हा कळलं असावं, म्हणूनच एवढी धडपडत होते. त्यातून काही वाचलं नाही.

एवढं उरलंय की दुपारी चहाच्या सुमारास खुर्ची दाराकडे फिरवून बसतात. ताई येणार म्हणून. डबा मांडीवर हवा असतो, मी रिकामा डबा देते. तेवढा वेळ त्यांचा चेहरा ओळखीचा असतो. तेवढा वेळ ते कुणाचे तरी असतात.

म्हणून म्हणते, तिकीट रद्द करा. तुम्ही येऊ नका.

मला माफ करा, पण नीट विचार करा. तुम्ही पांढऱ्या केसांनी काठी टेकत दारातून आत याल. तुम्ही 'बापू' म्हणाल. ते तुम्हाला 'आजी, बसा' म्हणतील, वागायला चांगले आहेत अजून. तुम्ही मीच ताई, मीच ताई म्हणून हात धराल, कारण तुमच्यानं राहवणार नाही. आणि समजा, एखादा क्षण त्यांना पटलं की ही म्हातारी म्हणजेच ताई. मग वाट कुणाची बघतील? शाळेतून यायचं कोणी उरणारच नाही. मला त्यांच्या डोक्यात जागा नाही, अभिनवला नाही. एक तुम्ही आहात, त्याही सातवीतल्या. तेवढी एक राहू दे. तुम्हाला भावाला शेवटचं भेटायचंय हे मला कळतं. सासूबाईंच्या वेळी तुमची भेट चुकली, या वेळी मी ती चुकवायला सांगते आहे. तुम्ही माझ्याशीही बोलणं टाकलंत तरी मी समजेन.

आज चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "मावशी, ताईला एवढा उशीर का झालाय?" हल्ली ते मला मावशी म्हणतात.

मी म्हटलं, "अजून सुटली नाही रे बाळा शाळा."

— यमुना